गणितज्ञ राजचंद्र बोस

डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर सायंकाळी भाजी घेण्यास गेले, म्हणजे पुष्कळशा टोपल्यांपाशी एक लहानसा कागद लावलेला आढळतो. त्या कागदावर काळ्या-पांढऱ्या घरांचा एक चौकोन छापलेला असतो. त्यास क्यूआर कोड असे म्हणतात. गिऱ्हाईक आपला मोबाइल त्या चौकोनासमोर धरते, आणि भाजीवालीच्या खात्याची खूण मोबाइलला तत्काळ कळते.

तो कागद मात्र नेहमीच धडधाकट असतो असे नाही. पावसाळ्यात त्याचा एखादा कोपरा भिजून फिकट होतो. कोठे हळदीचा डाग पडतो, कोठे चिखलाचा शिंतोडा उडतो. तरीही मोबाइल तो चौकोन एकाही अक्षराची गफलत न करता वाचतो. भाजीवालीचे पैसे भाजीवालीलाच मिळतात. ते शेजारच्या फळवाल्याच्या खात्यात जात नाहीत. जो मजकूर पुसला गेला, तो मोबाइलला वाचता कसा आला? डाग पडून चूक झाली, हे त्यास कोणी सांगितले? आणि ती चूक सुधारली कोणी?

या प्रश्नांचे उत्तर गणितात आहे. चूक होणारच हे गृहीत धरून, ती शोधण्याची व सुधारण्याची सोय मूळ निरोपातच करून ठेवण्याची विद्या विसाव्या शतकात निर्माण झाली. ज्या थोड्या गणितज्ञांनी ही विद्या घडविली, त्यांत राजचंद्र बोस या भारतीय गणितज्ञाचे स्थान फार मोठे आहे.

निरोप दूर पाठविण्याची अडचण जुनीच आहे. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली. पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. त्याच सुमारास देशात तारायंत्राच्या तारा पसरू लागल्या. पुढे २०१३ साली तारसेवा बंद होईपर्यंत सुखदुःखाच्या असंख्य वार्ता या तारांनी वाहून नेल्या. आता समजा, पुण्याहून कल्याणला कोणी तार केली की, आजीची प्रकृती बरी नाही. आणि वाटेत एकच शब्द गळाला. तो शब्द 'नाही' हा असेल, तर कल्याणच्या घरी आजीची प्रकृती बरी असल्याची वार्ता पोचेल आणि मंडळी निश्चिंत राहतील! लहानशा चुकीने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे यावरून दिसेल.

आजची यंत्रे प्रत्येक मजकूर शून्य आणि एक या दोनच खुणांत लिहितात. छायाचित्र असो, गाणे असो, की परीक्षेचे गुणपत्रक असो. ते अखेर शून्य आणि एक यांची लांबच लांब माळ असते. त्या माळेतील एक खूण जरी उलटली, तरी अर्थ बदलतो. या उलटलेल्या खुणा हुडकण्याच्या कामी बोस यांची बुद्धी कशी उपयोगी पडली, हे समजण्यासाठी त्यांचे चरित्र पाहिले पाहिजे.

राजचंद्र बोस यांचा जन्म १९ जून १९०१ रोजी नर्मदेच्या काठी होशंगाबाद या गावी झाला. या गावास आता नर्मदापुरम् म्हणतात. त्यांचे वडील डॉक्टर होते. पाच भावंडांत राजचंद्र हे सर्वांत वडील. त्यांचे बालपण रोहतक येथे गेले. घरी कशाची वाण नव्हती आणि मुलगा अभ्यासात हुशार होता.

परंतु १९१८ साली देशात इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ आली. त्या साथीने लक्षावधी माणसांचे बळी घेतले. त्यांत राजचंद्रांची आई गेली. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने वडिलांचेही निधन झाले. अवघ्या अठरा वर्षांच्या आतबाहेर असलेल्या या तरुणावर आकाश कोसळले. पाठीवर चार भावंडे, आणि डोक्यावर छत्र कोणाचेच नाही, अशी त्यांची स्थिती झाली. अशा वेळी शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी पत्करावी, असे कोणासही वाटले असते. राजचंद्रांनी शिक्षण सोडले नाही. हलाखी सोसून त्यांनी आपला अभ्यास चालू ठेवला. दिल्लीस शिक्षण घेऊन ते पुढे कलकत्त्यास गेले, आणि १९२७ पर्यंत उपयोजित गणित व शुद्ध गणित या दोन्ही शाखांत ते एम. ए. झाले.

कलकत्त्यास त्यांना श्यामादास मुखोपाध्याय हे गुरू लाभले. ते भूमितीचे विख्यात अभ्यासक होते. त्यांच्या सहवासात राजचंद्रांना भूमितीची अवीट गोडी लागली. पुढे ते आशुतोष महाविद्यालयात व्याख्याते झाले. दिवसभर शिकवावे आणि उरलेल्या वेळात वक्र रेषांच्या भूमितीवर संशोधन करावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. या संशोधनाचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे त्या वेळी कोणास वाटले नसेल.

१९३२ च्या डिसेंबर महिन्यात त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. त्याआधी वर्षभर, म्हणजे १९३१ साली, प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. पिकांचे उत्पन्न, लोकसंख्या, पाऊसपाणी यांविषयीचे आकडे गोळा करून त्यांतून खरा निष्कर्ष कसा काढावा, याचे शास्त्र म्हणजे सांख्यिकी. महालनोबीसांनी बोस यांचे भूमितीतील लेखन पाहिले होते. त्यांनी बोस यांस संस्थेत अर्धवेळ काम देऊ केले. बोस यांची अडचण अशी की, त्यांना सांख्यिकी फारशी येत नव्हती, आणि ती त्यांनी लपविलीही नाही. महालनोबीसांनी त्यावर सोपा उपाय योजला. त्यांनी या विषयावरील एका नियतकालिकाचे सारे खंड, वाचावयाच्या पन्नास निबंधांची यादी आणि इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा एक ग्रंथ बोस यांच्याकडे पाठवून दिला. एवढे आत्मसात केले म्हणजे तूर्त पुरे, असा त्याचा अभिप्राय होता.

बोस त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. महाविद्यालयात इतरांस शिकविणाऱ्या माणसाने पुन्हा विद्यार्थी होऊन पहिल्या धड्यापासून नवा विषय शिकावा, ही गोष्ट सोपी नव्हे. त्यास बुद्धीइतकीच नम्रताही लागते. बोस यांच्या ठायी ती होती. १९३५ पासून ते संस्थेत पूर्ण वेळ काम करू लागले, आणि थोड्याच काळात संस्थेच्या प्रमुख गणितज्ञांत त्यांची गणना होऊ लागली.

पुढे फिशर हे स्वतः भारतात आले. शेतीतील प्रयोगांची आखणी कशी करावी, याविषयी त्यांनी येथे चर्चा केली. हा प्रश्न कसा असतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, मुरबाडच्या एका शेतकऱ्याला भाताच्या सात जातींची तुलना करावयाची आहे. त्याच्याजवळ सात खाचरे आहेत. पण प्रत्येक खाचरात तीनच जाती लावता येतात. एका खाचराची माती दुसऱ्यासारखी नसते, म्हणून प्रत्येक जातीची प्रत्येक दुसऱ्या जातीशी एकाच खाचरात एकदा तरी गाठ पडली पाहिजे. आणि कोणावर अन्याय होऊ नये म्हणून ती एकदाच पडली पाहिजे. अशी मांडणी होईल काय? होते. जातींना एक ते सात क्रमांक द्यावेत. पहिल्या खाचरात १, २, ४. दुसऱ्यात २, ३, ५. तिसऱ्यात ३, ४, ६. चौथ्यात ४, ५, ७. पाचव्यात ५, ६, १. सहाव्यात ६, ७, २. आणि सातव्यात ७, १, ३ असे बी लावावे. कोणतेही दोन क्रमांक घेतले, तरी ते नेमके एकाच खाचरात एकत्र आलेले दिसतील. वहीत करून पाहावे, म्हणजे खात्री पटेल.

सात जातींसाठी ही मांडणी खटपट करून जुळविता येते. परंतु जाती वाढल्या, खाचरे वाढली, की नुसत्या खटपटीने काम भागत नाही. तेथे नियम सापडावा लागतो. बोस यांनी येथे भूमितीची मदत घेतली. ज्या भूमितीत मोजकेच बिंदू आणि मोजक्याच रेषा असतात, अशी एक विलक्षण भूमिती गणितात आहे. बिंदू म्हणजे भाताच्या जाती आणि रेषा म्हणजे खाचरे असे मानले, की अवघड मांडण्या आपोआप उलगडू लागतात. १९३९ साली बोस यांनी या मांडण्या रचण्याच्या रीतींवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यामुळे त्यांची कीर्ती देशाबाहेर पोचली.

१९४० साली ते कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले. तेथील त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांत पुढे जगप्रसिद्ध झालेले सी. आर. राव हे एक होते. १९४५ साली बोस सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. यातील मौजेची गोष्ट अशी की, तोपर्यंत त्यांच्याजवळ डॉक्टरेटची पदवी नव्हती. विभागप्रमुखास ती असावी, असे विद्यापीठाने सुचविले. तेव्हा त्यांनी आपले प्रसिद्ध झालेले निबंध एकत्र करून सादर केले, आणि १९४७ साली त्यांना डी. लिट्. ही पदवी मिळाली.

त्याच वर्षी पाहुणे प्राध्यापक म्हणून ते अमेरिकेस गेले. परत येण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. भारतात त्यांना मानाच्या जागा मिळत होत्या. परंतु त्या जागांवर कारभाराचा बोजा फार होता. कागदपत्रे व बैठका यांतच दिवस गेले, तर संशोधन कायमचे संपेल, असे त्यांना वाटले. एका बाजूस मायदेश आणि दुसऱ्या बाजूस आयुष्यभर जोपासलेली विद्या, यांतून निवड करणे कोणासही जड जाईल. अखेर मार्च १९४९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिल या गावी, प्राध्यापकपद स्वीकारले. मायभूमी दूर राहिली, तरी भारतातील विद्यार्थ्यांशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही.

अशा विद्यार्थ्यांत एक मराठी तरुण होता. त्यांचे नाव शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. सागर येथे १९१७ साली जन्मलेले श्रीखंडे नागपूरच्या शास्त्र महाविद्यालयात शिकले होते. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत त्यांची बोस यांच्याशी गाठ पडली. पुढे चॅपल हिल येथे बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५० साली डॉक्टरेट मिळविली. या गुरुशिष्यांच्या हातून नंतर एक अद्भुत कामगिरी व्हावयाची होती.

अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर नावाचा फार थोर गणितज्ञ होऊन गेला. त्याने एक कोडे घातले होते. सहा पलटणींतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे प्रत्येकी एक असे छत्तीस अधिकारी घ्यावयाचे. त्यांना सहा ओळी व सहा स्तंभ यांच्या चौकोनात असे उभे करावयाचे की, कोणत्याही ओळीत किंवा स्तंभात एकच पलटण वा एकच हुद्दा दोनदा येऊ नये. ही गोष्ट अशक्य आहे, असे ऑयलरने म्हटले. इतकेच नव्हे, तर सहाप्रमाणे दहा, चौदा, अठरा, बावीस अशा संख्यांच्या चौकोनांतही ती अशक्य आहे, असे अनुमान त्याने १७८२ साली प्रसिद्ध केले. सहाच्या बाबतीत त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले. बाकीच्या संख्यांविषयी पावणेदोनशे वर्षे कोणासही खात्रीने काही सांगता येईना.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी बावीस ओळी व बावीस स्तंभ यांचा तसा चौकोन रचून दाखविला. त्याच सुमारास अमेरिकेतील ई. टी. पार्कर यांनी दहाचा चौकोन रचला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की, ऑयलरच्या यादीतील सहा वगळता पुढच्या प्रत्येक संख्येसाठी असा चौकोन रचता येतो. ऑयलरसारख्या महापुरुषाचे अनुमान चुकले होते! ही वार्ता २६ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या पहिल्या पृष्ठावर झळकली. गणितातील एखादा शोध वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर यावा, हा योग विरळाच. पुढे १९६३ साली श्रीखंडे मुंबई विद्यापीठात आले आणि तेथील गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले. ठाणे-कल्याणची महाविद्यालयेही याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. श्रीखंडे यांना दीर्घायुष्य लाभले; २०२० साली, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षांनंतर, त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा निरोपातील चुकांकडे वळू. चूक शोधण्याची एक सोपी युक्ती चिंचोक्यांनी करून पाहता येते. जमिनीवर तीन ओळी व तीन स्तंभ अशी नऊ घरे आखावीत. मनास येईल त्या घरांत चिंचोका ठेवावा, बाकीची रिकामी ठेवावीत. हा झाला आपला निरोप. आता उजवीकडे एक स्तंभ आणि खाली एक ओळ आणखी आखावी. या नव्या घरांत चिंचोके अशा बेताने ठेवावेत की, प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात चिंचोक्यांची संख्या सम व्हावी. मग आपण पाठ फिरवावी आणि मित्राला एका घराची स्थिती बदलावयास सांगावे. चिंचोका असेल तर त्याने उचलावा, नसेल तर ठेवावा. वळून पाहिले, म्हणजे एका ओळीत आणि एका स्तंभात संख्या विषम झालेली दिसेल. ती ओळ व तो स्तंभ जेथे एकमेकांस छेदतात, तेच घर बदललेले आहे! येथे निरोपाची घरे नऊ आणि राखणदार घरे सात. राखणदार घरे नवीन असे काहीच सांगत नाहीत. परंतु चूक झाली, तर तिचा माग तीच लावतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणितज्ञ होते. तेथील गणकयंत्रावर त्यांचे काम सुट्टीच्या दिवसांत चाले. यंत्रास आपली चूक कळे, पण ती सुधारता येत नसे. ते अर्धवट काम टाकून पुढच्या कामाकडे वळे. सोमवारी येऊन पाहावे, तो काम झालेलेच नसे. यंत्रास चूक झाल्याचे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा विचार हॅमिंग यांच्या मनात आला. त्यांनी चार खुणांच्या निरोपास केवळ तीन राखणदार खुणा जोडून एक चूक सुधारण्याची रीत शोधली, आणि १९५० साली ती प्रसिद्ध केली. आपण वर सात खाचरांची जी मांडणी पाहिली, तिचे या सात खुणांशी अगदी जवळचे नाते आहे.

परंतु हॅमिंग यांची ही रीत एकच चूक सुधारू शकते. चिंचोक्यांच्या खेळातही मित्राने एकाच ओळीतील दोन घरे बदलली, तर आपण फसतो. दोन स्तंभ विषम दिसतात, पण ओळ कोणती ते कळत नाही. प्रत्यक्षात तर डाग पडला म्हणजे अनेक घरे बिघडतात. दोन, तीन किंवा त्याहून अधिक चुका सुधारावयाच्या, आणि तेही राखणदारांची फौज न वाढविता, हे कसे साधावे?

बोस यांनी हा प्रश्न पाहिला, तेव्हा तो त्यांना अगदीच अपरिचित वाटला नसावा. खतांचे व बियाण्यांचे प्रयोग आखताना, मोजक्या बिंदूंच्या भूमितीत काही अटी पाळून अधिकाधिक बिंदू कसे निवडावेत, या प्रश्नाचा त्यांनी पूर्वीच अभ्यास केला होता. निरोपातील चुकांचा प्रश्न म्हणजे तोच प्रश्न निराळ्या वेषात आला होता. शेतासाठी घडविलेले हत्यार तारेच्या कामी आले! बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी मिळून हव्या तितक्या चुका सुधारणाऱ्या संकेतांचे एक मोठे कुटुंबच रचले. त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला.

या कुटुंबातील एक संकेत पाहू. पाच खुणांचा निरोप घेतला, तर असे ३२ निरोप होतात. प्रत्येक निरोपास दहा राखणदार खुणा जोडून पंधरा खुणांचा एक शब्द बनवावयाचा. पंधरा खुणांचे शब्द एकंदर ३२,७६८ होतात. त्यांतून ३२ शब्द असे निवडावयाचे की, कोणतेही दोन शब्द एकमेकांपासून निदान सात ठिकाणी भिन्न असावेत. हे ३२ शब्द म्हणजे जणू एकमेकांपासून निदान सात कोस दूर वसलेली ३२ गावे होत. एखादा वाटसरू आपल्या गावापासून तीन कोस भरकटला, तरी इतर कोणतेही गाव त्याच्यापासून निदान चार कोसांवर असते. म्हणून सर्वांत जवळचे गाव तेच त्याचे गाव, हे निश्चित सांगता येते. त्याचप्रमाणे पंधरांपैकी कोणत्याही तीन खुणा बिघडल्या, तरी मूळ शब्द ओळखता येतो.

या शोधाचे श्रेय एकट्या बोस यांचे नाही. फ्रान्समध्ये अलेक्सी ओकेंगेम या गणितज्ञाने स्वतंत्रपणे हाच शोध लावून १९५९ साली प्रसिद्ध केला होता. एकास दुसऱ्याचे काम ठाऊक नव्हते. म्हणून बोस, चौधुरी आणि ओकेंगेम या तिघांच्या नावांच्या रोमन लिपीतील आद्याक्षरांवरून या संकेतांना बी. सी. एच. संकेत असे म्हणतात. बिघडलेल्या शब्दातील चुका झटपट शोधण्याची रीत वेस्ली पीटरसन यांनी १९६० साली दिली. अशा रीतीने अनेकांच्या हातांनी ही विद्या उभी राहिली.

१९७१ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बोस चॅपल हिल येथून निवृत्त झाले. पण त्यांची जिज्ञासा निवृत्त झाली नव्हती. त्यांनी कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठात पुन्हा अध्यापन सुरू केले आणि १९८० पर्यंत ते चालविले. १९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते फोर्ट कॉलिन्स या गावी कालवश झाले.

त्यानंतर सात वर्षांनी, १९९४ साली, जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने क्यूआर कोडचा चौकोन तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौरस असतात. वरच्या डाव्या चौरसाला लागून पंधरा घरे खास राखून ठेवलेली असतात. उरलेला मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे, हे ती घरे मोबाइलला सांगतात. त्यांत पाच घरे निरोपाची आणि दहा राखणदारांची. हा तोच पाच व दहा यांचा बी. सी. एच. संकेत होय! या पंधरा घरांची दुसरी प्रत उरलेल्या दोन चौरसांजवळ ठेवलेली असते. बाकीचा मजकूर रीड आणि सॉलोमन यांच्या संकेताने राखलेला असतो, आणि तो संकेत बी. सी. एच. संकेतांचाच नातलग आहे. उपग्रहावरून येणारी दूरचित्रवाणीची चित्रे आणि यंत्रांच्या स्मृतीत साठविलेला मजकूर शुद्ध राखण्यासाठीही बी. सी. एच. संकेत योजतात. अर्थात या रक्षणास मर्यादा आहे. कागद फारच फाटला, तर मोबाइल तो वाचीत नाही.

बोस यांच्या चरित्रात ध्यानी घेण्याजोगी एक गोष्ट आहे. चुका होऊच नयेत, असा हट्ट त्यांच्या संकेतांनी धरला नाही. पाऊस पडणार, डाग लागणार, तारेत खरखर होणार, हे मान्य करून त्यांनी निरोपात राखणदारांसाठी आधीच जागा ठेविली. त्यांच्या आयुष्याचेही तसेच झाले. कोवळ्या वयात आईवडील गेले. पण जी विद्या त्यांनी सोडली नाही, तिने त्यांना पुन्हा उभे केले. ज्या भूमितीचा उपयोग कोणास दिसत नव्हता, ती आधी शेतकऱ्याच्या कामी आली आणि मग साऱ्या जगाच्या.

पुढच्या वेळी बाजारात जाल, तेव्हा भाजीच्या टोपलीपाशी लावलेला तो चौकोन जरा निरखून पाहा. त्याच्या डाव्या कोपऱ्याजवळच्या काळ्या-पांढऱ्या घरांत नर्मदाकाठी जन्मलेल्या एका गणितज्ञाचे राखणदार रात्रंदिवस पहारा करीत असलेले तुम्हांस दिसतील.